वाघाचे डोके आणि उलटे तळवे

प्रश्न : आम्ही पाच मित्र दोन वर्षांपासून दर रविवारी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. २०१४ ची, म्हणजे पाचवी आवृत्ती वापरतो आणि आमची पात्रे आता अकराव्या लेव्हलला पोहोचली आहेत. मागच्या रविवारी आमच्या डीएमने गुहेच्या तोंडाशी वाघाच्या डोक्याचा राक्षस समोर आणला. माझ्या विझार्डने, म्हणजे जादूगार पात्राने, त्याच्यावर फायरबॉल हा स्पेल (मंत्र) टाकला, काही झाले नाही. मग दिवसातून एकदाच टाकता येणारा डिसइंटिग्रेट टाकला, तरी त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. वर तो नुसता हसत होता. हे नियमात बसते का, की डीएम आमच्यावर राग काढत आहे? नियमात बसत असेल, तर याला मारायचे तरी कसे? (एक विद्यार्थी, लातूर)

उत्तर : तुमच्या डीएमने नियमाबाहेर काहीही केलेले नाही, तेव्हा येत्या रविवारी त्याच्याशी भांडण उकरून काढू नका. फार तर चहाचे पैसे त्याला द्यायला लावा.

ज्या वाचकांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन वाक्ये लिहितो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ मध्ये आणलेल्या या खेळात एक जण सूत्रधार असतो, ज्याला खेळाडू डीएम म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात आणि जिथे यशाची खात्री नसते तिथे वीस बाजूंचा फासा टाकून निकाल लावतात. समोर येणाऱ्या प्रत्येक प्राण्याची ताकद, चिलखत, खोडी आणि दुखरी जागा खेळाच्या पुस्तकात अंकांसह छापलेली असते, त्यामुळे सूत्रधारालाही मनाला येईल ते करता येत नाही.

आता त्या छापील अंकांकडे पाहू. राक्षसाचा आर्मर क्लास (त्याला घाव लागणे किती कठीण) १६, हिट पॉइंट्स (तो किती मार सोसेल) ११० आणि चॅलेंज रेटिंग (तो एकूण किती अवघड) १३ आहे. त्याच पुस्तकातल्या प्रौढ लाल ड्रॅगनचा आर्मर क्लास १९ असून हिट पॉइंट्स २५६ आहेत. राक्षस एका वेळी दोन पंजे मारतो आणि एका पंजाने सरासरी नऊ पॉइंट्सचे नुकसान होते. अकराव्या लेव्हलच्या पाच पात्रांनी अशा प्राण्याला दोन-तीन फेऱ्यांत आडवे करावे, असे कागद पाहून कोणालाही वाटेल, आणि तुम्हालाही तेच वाटले असणार. पण या राक्षसाची भीती त्याच्या ताकदीत नाही. खेळाडूंना ज्या सवयी लागलेल्या असतात, नेमक्या त्याच तो निकामी करतो, आणि खरी धास्ती तिथे आहे.

नियम असा आहे की सहाव्या किंवा त्याखालच्या लेव्हलचा कोणताही स्पेल त्याच्या इच्छेविरुद्ध त्याच्यावर चालत नाही आणि तशा स्पेलने त्याचा पत्ताही लागत नाही. फायरबॉल तिसऱ्या लेव्हलचा आहे आणि डिसइंटिग्रेट सहाव्या. सातव्या लेव्हलचे स्पेल विझार्ड स्वतः तेराव्या लेव्हलला पोहोचला की मिळतात, म्हणजे आज तुमच्या विझार्डच्या वहीत असा एकही स्पेल नाही जो राक्षसाला थेट बाधेल. पुढे मिळाले तरी त्यांच्यापासून वाचण्यासाठी तो एकाऐवजी दोन फासे टाकतो आणि मोठा आकडा घेतो. साध्या तलवारीचा, भाल्याचा किंवा गदेचा घावही त्याला लागत नाही. हत्यार जादूचेच हवे.

तरीही त्याची एक दुखरी जागा पुस्तकात स्पष्ट छापलेली आहे, आणि ती वाचायची तसदी खेळाडू सहसा घेत नाहीत. सत्प्रवृत्त व्यक्तीने जादूच्या हत्याराने भोसकले, तर राक्षसाचे नुकसान दुप्पट होते. इथे दोन्ही अटी महत्त्वाच्या आहेत. हत्यार टोकाने घुसणारे हवे, म्हणजे भाला, बाण, खंजीर किंवा रेपियर ही बारीक टोकदार तलवार. धारेने कापणारी तलवार कितीही जादूची असली तरी तिला हा लाभ मिळत नाही. आणि ते हातात धरणाऱ्या पात्राच्या कागदावर 'गुड' असे लिहिलेले हवे. आपल्याकडचे निम्मे खेळाडू पात्र बनवताना 'आपण कोणाच्याच बाजूचे नाही' असे लिहून मोकळे होतात, कारण मग चोऱ्यामाऱ्या करायला कोणी अडवत नाही. राक्षसासमोर ही हौस महागात पडते.

मग विझार्डने काय करावे? राक्षसावरचा स्पेल वाया जातो, पण मित्राच्या भाल्यावरचा वाया जात नाही. 'मॅजिक वेपन' हा दुसऱ्या लेव्हलचा किरकोळ समजला जाणारा स्पेल साध्या भाल्याला तासभर जादूचे हत्यार करतो. त्याचा परिणाम भाल्यावर होतो, राक्षसावर नाही, त्यामुळे राक्षसाचे कवच मध्ये येत नाही. एरवी दहा पॉइंट्सची असणारी भोसक वीसची होते. अशा पाच-सहा भोसकींत ११० पॉइंट्स संपतात, आणि तेवढ्यासाठी तुमच्या विझार्डने मागे उभे राहून स्पेल चालू ठेवणारी एकाग्रता टिकवली तरी पुरे. ज्याला दर लढाईत आपणच फटाका फोडावा असे वाटते, त्या खेळाडूला हे पचायला थोडे जड जाते.

एक वाद मात्र तुमच्या टेबलावर नक्की होईल, म्हणून आधीच सांगतो. राक्षसाने दुसऱ्याचे रूप घेतले असेल, तर 'ट्रू सीइंग' हा खरे रूप दाखवणारा सहाव्या लेव्हलचा स्पेल टाकून ते सोंग ओळखता येते का? काही जणांचे म्हणणे असे की तो स्पेल आपण स्वतःच्या डोळ्यांवर टाकतो, राक्षसावर नव्हे, म्हणून तो चालला पाहिजे. मी सूत्रधार असतो तेव्हा नाही म्हणतो, कारण नियमात 'बाधत नाही' याच्याबरोबर 'पत्ता लागत नाही' असेही शब्द आहेत आणि ते उगाच घातलेले नाहीत. तुमचा डीएम वेगळा निर्णय देऊ शकतो, पण तो लढाईच्या आधी द्यावा.

आता मारण्यापेक्षा महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. तुमच्या पत्रावरून असे दिसते की तुमच्या डीएमने राक्षस वाघाच्या रूपातच, गुहेच्या तोंडाशी उभा केला. तिथे मात्र त्याने एक चांगली संधी वाया घालवली, असे माझे मत आहे. राक्षसाला वेषांतर हवे तितक्या वेळा करता येते आणि समोरच्याच्या मनातले वरवरचे विचारही हवे तेव्हा वाचता येतात. ज्याला या दोन गोष्टी येतात, तो गुहेच्या तोंडाशी गुरगुरत कशाला बसेल? तो तुमच्या ओळखीच्या माणसाचे रूप घेऊन दारात येईल, आणि तुम्हाला जे ऐकावेसे वाटते तेच बोलेल. आपल्याकडे दारावर येणारा बहुरूपी पोलिसाचे सोंग घेऊन दरडावतो, तेव्हा घरातल्या मोठ्यांना ते सोंग आहे हे ठाऊक असते आणि तरीही पोरे घाबरतात. इथे सोंग आहे हेच कोणाला ठाऊक नसते.

मी स्वतः राक्षस खेळवला तो हुरड्याच्या प्रसंगात. पौषातली थंडी, शेतात पेटवलेली आगटी, तिच्याभोवती खेळाडूंची पात्रे आणि गावची चार माणसे, आणि त्यांत गावच्या पाटलाचा पाहुणा म्हणून बसलेला एक गोडबोल्या गृहस्थ. राक्षसाच्या हातांची ठेवण उलटी असते, म्हणजे आपल्या हाताची मागची बाजू जिथे असते तिथे त्याचा तळवा असतो. वेषांतराने हात सरळ दिसतात, पण ते नुसते दिसणे असते. स्पर्श केला तर खरे काय ते कळते. गरम कणीस तळव्यांत धरून चोळल्याशिवाय हुरडा सुटत नाही. मी प्रत्येक जण कणीस कसे चोळतो, फुंकर मारून कोंडा कसा उडवतो, तिळाची चटणी कोण मागतो, हे सगळे सांगत गेलो आणि पाहुण्याबद्दल एवढेच म्हणालो की, "तो शेजाऱ्याने चोळून दिलेला हुरडा खातो आणि फार कौतुक करतो." दोनदा सांगितले, तरी कोणाचे लक्ष गेले नाही. तिसऱ्यांदा सांगितल्यावर, गटात सगळ्यात कमी बोलणाऱ्या मुलीने मान वर करून विचारले, "याने आल्यापासून एकही कणीस हातात का घेतले नाही?" त्यानंतर टेबलावर जी शांतता पसरली ती कोणत्याही ड्रॅगनने मला मिळवून दिलेली नाही.

पंजाबद्दलही सावध राहा. नऊ पॉइंट्सचे नुकसान भरून निघते, पण त्या घावाबरोबर शापही लागतो: विश्रांती घ्यायला बसले की मनात भयंकर दृश्ये दाटून येतात आणि विश्रांतीचा कोणताही लाभ मिळत नाही. रात्रभर झोपूनही हिट पॉइंट्स भरत नाहीत आणि संपलेले स्पेल परत येत नाहीत. 'रिमूव्ह कर्स' हा शाप उतरवणारा स्पेल टाकेपर्यंत हे चालू राहते. सहा सहा महिने झोपणारा कुंभकर्णही राक्षसच होता, आणि हा राक्षस मात्र दुसऱ्याची झोप पळवतो, हे पाहून मला नेहमी गंमत वाटते. चलाख डीएम एक पंजा मारून राक्षसाला पळवून नेतो आणि तीन दिवसांनी परत आणतो.

शेवटी हेही ध्यानात ठेवा, की आपल्या जगात मारलेला राक्षस कायमचा मरत नाही. त्याचा आत्मा नरकलोकात परत जातो, तिथे त्याला नवे शरीर मिळते, आणि आपल्याला कोणी मारले हे त्याला पक्के आठवत असते. नागाने डूख धरावा तसा तो डूख धरतो. तेव्हा मारल्यावर मोठ्याने स्वतःचे नाव सांगण्याची हौस आवरलेली बरी.

प्रश्न : नातवाकडच्या एका इंग्रजी पुस्तकात 'राक्षस' या नावाखाली वाघाचे डोके असलेला, अंगात उंची कोट घातलेला आणि पाइप ओढणारा प्राणी पाहिला. मी आयुष्यभर संस्कृत शिकवले, पण असा राक्षस मला कोठे भेटला नाही. शिवाय खाली 'दुष्ट' असा शिक्काही मारलेला आहे. मग बिभीषणाचे काय करायचे? (एक निवृत्त शिक्षक, परभणी)

उत्तर : गुरुजी, आपण पाहिलेले चित्र याच खेळाच्या १९७७ च्या पुस्तकातील असून ते डेव्हिड ट्रॅम्पियर या चित्रकाराने काढलेले आहे. या प्राण्याचा प्रवास मात्र त्याआधी सुरू होतो. १९७४ च्या डिसेंबरात अमेरिकेतील एका टीव्ही भयमालिकेच्या एका भागात राक्षस दाखवला गेला. तो समोरच्याला, ज्याच्यावर त्याचा सर्वाधिक विश्वास असेल अशा माणसाच्या रूपात दिसे आणि मंतरलेल्या बाणानेच मरे. गायगॅक्स यांनी तो तेथून उचलला आणि १९७५ च्या अखेरीस आपल्या खेळाच्या नियतकालिकात छापला. जुन्या नियमात मंतरलेल्या बाणाने राक्षस जागीच मरत असे; वर लातूरच्या विद्यार्थ्याला सांगितलेली दुप्पट नुकसानीची अट हा त्याचाच उरलेला अंश आहे. म्हणजे आपला राक्षस वाल्मीकींकडून निघून, अमेरिकन दूरचित्रवाणीमार्गे, कोट घालून नातवाच्या पुस्तकात उतरला आहे.

वाघाच्या तोंडाबद्दल मात्र आपल्याशी आदरपूर्वक मतभेद नोंदवतो. सुंदरकांडात हनुमान अशोकवनात सीतेभोवतीच्या राक्षसी पाहतो, तेव्हा त्यांच्या तोंडांचे वर्णन आले आहे आणि त्यात डुक्कर, हरिण, म्हैस, बोकड, कोल्ही यांच्याबरोबर शार्दूलही आहे. अमेरिकन चित्रकाराने हे वाचून वाघ काढला असेल असे मी म्हणणार नाही; हिंदुस्थान म्हटले की तिकडच्या लोकांना वाघ आठवतोच. पण वाघाच्या तोंडाची राक्षसी आपल्याकडे नव्हतीच, असेही म्हणता येत नाही. खटकायचाच असेल तर त्या चित्रातला एकसाचीपणा खटकावा. रामायणातल्या लंकेत दोन राक्षस एकसारखे दिसत नाहीत, आणि या पुस्तकात सगळ्यांना एकच डोके बसवले आहे.

आपल्या मूर्तिकारांनी राक्षस कसा पाहिला, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. वेरूळच्या कैलास लेण्यात, म्हणजे सोळाव्या लेण्यात, रावण कैलास हलवतो तो शिल्पपट आहे. खाली अनेक मुखांचा, अनेक हातांचा रावण सगळे बळ लावून पर्वत उचलतो आहे, वर घाबरलेली पार्वती शिवाच्या दंडाला बिलगली आहे, एक दासी पळत सुटली आहे आणि शिव मात्र निवांत बसून पायाने पर्वत दाबतो आहे. तिथे पशूचे तोंड नाही. तिथे बळ आहे, ताठा आहे, आणि तो रावण बघताना त्याच्याबद्दल थोडा आदरही वाटतो. राष्ट्रकूटांच्या त्या कारागिरांना राक्षस हा मोठ्या माणसाचाच बिघडलेला नमुना वाटत असावा, असे मला ते शिल्प पाहताना दर वेळी वाटते.

असे असूनही, खेळातल्या राक्षसात एक गोष्ट अस्सल उतरली आहे, आणि ती म्हणजे सोंग. रामायणात राक्षसांना 'कामरूपी' हे विशेषण पुन्हा पुन्हा लागते, कारण ते हवे ते रूप घेतात. मारीच सोन्याचा मृग होतो, मरताना रामाच्या आवाजात हाक मारतो, आणि रावण भिक्षा मागणाऱ्या संन्याशाच्या वेषात दारात येतो. सीताहरण बळाने झाले ते शेवटच्या क्षणी. त्याआधीचे सगळे काम रूपाने, आवाजाने आणि आदरातिथ्याच्या रीतीचा फायदा घेऊन झाले. खेळातला राक्षस मनातले वाचून मित्राचे रूप घेतो, तेव्हा तो कोटाखाली आणि वाघाच्या तोंडाखाली मारीचाचाच नातेवाईक असतो.

बिभीषणाबद्दल आपला आक्षेप रास्त आहे. उत्तरकांडातील कथेप्रमाणे तर ब्रह्मदेवाने जलाचे रक्षण करण्यासाठी प्राणी निर्माण केले आणि त्यांतले जे 'रक्षाम', म्हणजे आम्ही रक्षण करू, असे म्हणाले ते राक्षस झाले. नावाच्या मुळाशीच राखण आहे. आपल्या घरोघरी पत्रिका जुळवताना मुलीचा राक्षसगण निघाला, तर काकू-आत्यांचे चेहरे पडतात खरे, पण म्हणून कोणी त्या मुलीला दुष्ट म्हणत नाही. खेळाच्या बाबतीत एवढेच सांगतो, की २०१४ च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतच, छापलेली प्रवृत्ती ही सर्वसाधारण असून सूत्रधाराने ती आपल्या कथेनुसार बदलावी, असे म्हटले आहे. नातवाला एक बिभीषण आणायला सांगा. राक्षसाच्या रूपातला पाहुणा खरे बोलतो आहे आणि कोणीच त्याच्यावर विश्वास ठेवत नाही, असा प्रसंग सत्प्रवृत्त पात्रांची जेवढी परीक्षा पाहील तेवढी पंजाची मारामारी पाहणार नाही.

प्रश्न : मी राक्षसभुवनजवळच्या खेड्यातला आहे. मित्रांना घेऊन गावाच्या नावावरून राक्षसाची मोहीम खेळवायची आहे. पेशवे आणि निजामाची लढाई त्यात घालता येईल का? (एक वाचक, गेवराई तालुका)

उत्तर : अवश्य घालावी, पण राक्षसाला माधवराव किंवा निजाम करू नका, ऐतिहासिक माणसांच्या मनात भूत घुसवले की कथा तात्काळ सोपी होते आणि इतिहासाचीही नासाडी होते.

आपल्या उपयोगाची खरी गोष्ट वेगळीच आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी ही लढाई झाली तेव्हा गोदावरीला पूर आला होता. निजाम अली फौजेचा एक भाग घेऊन नदीपार गेला होता आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडे अडकला होता. अठरा वर्षांच्या माधवरावांच्या सैन्याने त्याला तिथेच गाठले, आणि विठ्ठल सुंदर मारला गेला. पलीकडच्या काठावरून निजामाला आपली फौज कापली जाताना पाहण्यापलीकडे फारसे काही करता आले नाही. अर्धे सैन्य एका काठावर, अर्धे दुसऱ्या, मध्ये फुगलेली नदी, आणि निरोप्याखेरीज दोन काठांना जोडणारे काहीही नाही: ज्या प्राण्याचा धंदाच दुसऱ्याचे रूप घेऊन बोलण्याचा आहे, त्याला याहून चांगली जागा कुठे मिळणार?

तुमच्या मित्रांना नाव नसलेल्या एखाद्या सरदाराचे निरोपे करा आणि पलीकडचा हुकूम अलीकडे आणायला पाठवा. राक्षस एका निरोप्याच्या रूपात आधीच पोहोचलेला असू द्या आणि त्याने दिलेला हुकूम तुमच्या मित्रांच्या हुकमाच्या अगदी उलट असू द्या. दोघांपैकी खरे कोण, हे छावणीला ठरवायचे आहे आणि वेळ पहाटेपर्यंतचाच आहे. पहिल्या सत्रात राक्षसाचे नावही घेऊ नका. गावाचे नाव राक्षसभुवन असल्यामुळे मित्रांच्या मनात संशय आपोआप येईल, आणि तो चुकीच्या माणसावर जाईल अशी व्यवस्था करा. शनीच्या देवळासमोर बसलेला, अंगाला तेल चोळलेला, कोणाशी न बोलणारा एक म्हातारा त्यासाठी पुरेसा आहे.

लढाई झालीच, तर ती नावेत होऊ द्या. नावेत जागा अपुरी असते, भाला फिरवता येत नाही, भोसकता मात्र येतो. आणि नावाड्याने वल्हे कसे धरले आहे, हे कोणी विचारल्याशिवाय सांगू नका.